विश्लेषण : को जागर्ति? गॅमा किरण स्फोटांवर नजर ठेवण्यासाठी भारताला ‘दक्ष’ का हवा?

आजवर नोंदवलेला सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट कोजागरीच्या संध्याकाळी वसईच्या किनाऱ्याच्या जवळजवळ डोक्यावरून पृथ्वीवर पोहोचला आणि खाली कुणाला पत्ताही लागला नाही. असे स्फोट फक्त अवकाशातूनच टिपता येतात. ते काम महाराष्ट्रातल्या संस्थांनी दहा वर्षे करून दाखवले आहे. आता तो पहारा खंडित होऊ द्यायचा का, हा प्रश्न आहे.

त्या संध्याकाळी नेमके काय झाले?

९ ऑक्टोबर २०२२. रविवार आणि कोजागरी एकाच दिवशी आली होती. भुईगावच्या किनाऱ्यावर सूर्य मावळून साधारण अर्धा तास झाला होता. पूर्वेला, तुंगारेश्वरच्या बाजूला, पौर्णिमेचा चंद्र उगवला होता. संध्याकाळचे ६ वाजून ४७ मिनिटे होत असताना एका दूरच्या दीर्घिकेतून निघालेला गॅमा किरणांचा लोट पृथ्वीवर येऊन पोहोचला. सुरूच्या बागेपाशी फिरणाऱ्यांना काही दिसले नाही, काही जाणवलेही नाही. घरोघरी मसाला दूध आटत राहिले.

‘डोक्यावरून’ हा शब्द इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. या स्फोटाची आकाशातली जागा शर तारकासमूहात, आकाशाच्या विषुववृत्तापासून सुमारे २० अंश उत्तरेला होती. वसईचे अक्षांश सुमारे १९.४ अंश उत्तर. त्या मिनिटाला तो भाग वसईच्या मध्यमंडलाच्या अगदी जवळ होता. हिशेब मांडला तर भुईगावच्या खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, स्फोटाची जागा दोन अंशांच्या आत येते. हात लांब करून दोन बोटे आकाशाकडे धरली तर तीही याहून जास्त जागा व्यापतात.

या स्फोटाचे नाव ‘जीआरबी २२१००९ए’. नावातले आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. त्याचा प्रकाश सुमारे १९० कोटी वर्षांचा प्रवास करून आला होता. तो निघाला तेव्हा पृथ्वीवर सूक्ष्म जीवांपलीकडे फारसे काही नव्हते. इतक्या लांबून येऊनही तो इतका तीव्र होता, की अनेक उपग्रहांवरचे संवेदक काही काळ मोजणीच करू शकले नाहीत. पृथ्वीभोवतीच्या आयनांबरावर त्याचा परिणाम नोंदला गेला. भारतातल्या वीज नोंदवणाऱ्या यंत्रणांनाही त्याची चाहूल लागली. इतका तेजस्वी स्फोट दहा हजार वर्षांत सरासरी एकदाच दिसावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

कोजागरीच्या रात्री लक्ष्मी ‘को जागर्ति?’, म्हणजे ‘कोण जागे आहे?’ असे विचारत फिरते, अशी आपल्याकडची समजूत. त्या संध्याकाळी विज्ञानापुढचा प्रश्नही हाच होता. आकाशाच्या त्या तुकड्याकडे त्या क्षणी कोणाचे लक्ष होते?

गॅमा किरण स्फोट म्हणजे काय?

डोळ्यांना दिसणारा प्रकाश, रेडिओ लहरी, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सगळी एकाच कुटुंबातली भावंडे. त्यात गॅमा किरणांची ऊर्जा सर्वांत जास्त. काही क्षणांसाठी आकाशाच्या एखाद्या ठिकाणाहून या किरणांचा प्रचंड झोत येतो आणि थांबतो. यालाच गॅमा किरण स्फोट म्हणतात. सूर्य आपल्या संपूर्ण आयुष्यात जितकी ऊर्जा देईल, तितकी किंवा त्याहून अधिक ऊर्जा असा स्फोट काही सेकंदांत बाहेर टाकतो.

या स्फोटांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकणारे स्फोट बहुधा खूप जड ताऱ्याच्या मृत्यूशी जोडलेले असतात. ताऱ्याचा गाभा कोसळतो, तिथे सहसा कृष्णविवर तयार होते आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने झोत सुटतात. दोन सेकंदांहून कमी टिकणारे स्फोट बहुतेक वेळा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून होतात. ही विभागणी अलीकडे तितकीशी काटेकोर राहिलेली नाही, पण समजून घ्यायला ती पुरते. झोताचे तोंड आपल्या दिशेने असेल तरच स्फोट आपल्याला दिसतो. तरीही सगळ्या आकाशावर लक्ष ठेवले तर सरासरी रोज एखादा सापडतो.

महत्त्वाची गोष्ट अशी, की तो कुठून आणि कधी येणार हे आधी सांगता येत नाही. ग्रहणाचे वेळापत्रक असते, धूमकेतूचे असते, याचे नसते. आणि एका ठिकाणचा स्फोट पुन्हा होत नाही. त्या वेळी लक्ष नसेल, तर ती संधी कायमची गेली.

तो जमिनीवरून का दिसत नाही?

पृथ्वीचे वातावरण हे किरण अडवते. जीवसृष्टीच्या दृष्टीने ते बरेच आहे, पण त्यामुळे भुईगावच्या वाळूत जगातली सर्वांत मोठी दुर्बीण लावली तरी स्फोटाचे मूळ गॅमा किरण तिथे पोहोचणार नाहीत. चीनमधल्या ल्हासो वेधशाळेने २०२२ च्या स्फोटातून आलेले अतिप्रचंड ऊर्जेचे ६४ हजारांहून अधिक किरण जमिनीवरून नोंदवले. तेही थेट नव्हे. ते किरण वातावरणात शिरल्यावर जो कणांचा सडा पडतो तो मोजून. अशा स्फोटांचा मुख्य झोत पकडायचा तर वातावरणाच्या वर जावेच लागते.

या स्फोटांचा शोधही योगायोगाने लागला. १९६३ च्या करारानुसार वातावरणात आणि अवकाशात अणुचाचण्यांवर बंदी आली. कुणी चोरून चाचणी करत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक झटका नोंदवला, पण त्याची तऱ्हा अणुस्फोटासारखी नव्हती. असे आणखी झटके सापडत गेले आणि ते पृथ्वीवरून किंवा सूर्याकडून येत नसल्याची खात्री झाल्यावर १९७३ मध्ये ही माहिती जाहीर झाली. शस्त्रांवर पहारा ठेवता ठेवता विश्वाची एक नवी खिडकी उघडली.

मागे उरणारा उजेड का महत्त्वाचा?

सूर्य समुद्रात बुडाल्यावर भुईगावच्या किनाऱ्यावर लगेच अंधार होत नाही. पश्चिमेला उजेड रेंगाळतो, रंग बदलत विझत जातो. त्याची कारणे वेगळी असली, तरी गॅमा किरण स्फोटामागेही असाच उजेड रेंगाळतो. स्फोटातून सुटलेला झोत आसपासच्या वायूवर आदळतो. त्या धडकेतून आधी क्ष-किरण, मग दिसणारा प्रकाश आणि पुढे रेडिओ लहरी बाहेर पडत राहतात. याला उत्तरदीप्ती म्हणतात. गॅमा किरण सेकंदांत संपतात. उत्तरदीप्ती तास, दिवस, कधी महिनेसुद्धा टिकते.

खरी माहिती या उजेडातच असते. १९९७ पर्यंत हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की दूरचे, यावर वाद होता. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी इटली आणि नेदरलँड्सच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने एका स्फोटानंतर काही तासांत तिथे विझत चाललेले क्ष-किरण पाहिले. अचूक जागा मिळाल्यावर जमिनीवरच्या दुर्बिणींना तिथे दिसणारा उजेडही सापडला. त्याच वर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या स्फोटाच्या उत्तरदीप्तीवरून प्रथमच अंतर मोजले गेले. ते अब्जावधी प्रकाशवर्षांचे निघाले आणि तीस वर्षांचा वाद मिटला.

म्हणजे काम दोन टप्प्यांचे आहे. अवकाशातल्या उपकरणाने स्फोट पकडून जागा सांगायची आणि जगभरच्या दुर्बिणींनी तो उजेड विझण्याआधी तिकडे वळायचे. पहिला टप्पा हुकला की दुसरा सुरूच होत नाही.

अवकाशातली दुर्बीण स्फोट ‘पकडते’ कशी?

गॅमा किरण साध्या भिंगाने किंवा आरशाने एकत्र करता येत नाहीत, ते आरपार जातात. म्हणून संवेदकावर दर क्षणाला किती किरण आदळले हे मोजत राहायचे. एरवी हा आकडा थोडा वर-खाली होत असतो. तो अचानक उसळला की स्फोटाची शंका घ्यायची.

जागा ठरवण्याचे मार्ग वेगळे. नासाच्या ‘फर्मी’ उपग्रहावर वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले १४ संवेदक आहेत. कोणावर किती किरण पडले याची तुलना करून दिशा काढली जाते. पृथ्वीने झाकलेला भाग सोडून सगळे आकाश त्याला दिसते, पण जागा काही अंशांनी चुकू शकते. २००४ मध्ये सोडलेल्या ‘स्विफ्ट’वर संवेदकांच्या पुढे बारीक छिद्रांची जाळी आहे. झाडाच्या पानांतून पडलेल्या सावलीवरून सूर्य कुठे आहे हे ओळखावे, तशी जाळीच्या सावलीवरून स्फोटाची जागा निघते. मग अख्खा उपग्रह स्वतःच तिकडे वळतो आणि मिनिट-दोन मिनिटांत क्ष-किरणांची दुर्बीण उत्तरदीप्तीवर रोखतो. पण एका वेळी तो आकाशाचा सुमारे नववा हिस्साच पाहू शकतो.

२०२२ च्या कोजागरीला हेच झाले. फर्मीने स्फोट नोंदवला. स्विफ्टच्या नजरेत तो भाग त्या क्षणी नव्हता. सुमारे ५३ मिनिटांनी तो नजरेत आला तेव्हा स्विफ्टला एक विलक्षण तेजस्वी उगम दिसला. जागा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ असल्याने तो आपल्याच आकाशगंगेतला असावा, असे सुरुवातीला वाटले. दोन्ही नोंदी एकमेकींना जोडल्यावर उलगडा झाला. सर्वांत तेजस्वी स्फोट असूनही त्याची ओळख पटायला वेळ लागला. मंद स्फोटांचे काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येते.

यात महाराष्ट्राचा वाटा काय?

भारताच्या ‘स्रॉस-सी२’ या छोट्या उपग्रहावर १९९४ मध्येच गॅमा किरण स्फोट टिपणारे उपकरण होते. पण आपल्या स्वतःच्या उपग्रहावरून हे काम सातत्याने होण्यासाठी २०१५ साल उजाडावे लागले. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘ॲस्ट्रोसॅट’ ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत गेला. त्यावरच्या ‘सीझेडटीआय’ या उपकरणाच्या उभारणीचे नेतृत्व कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केले. कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांच्या संयुगाचे ६४ संवेदक त्यात आहेत. त्याच्या माहितीवर प्रक्रिया करणारे केंद्र पुण्याच्या ‘आयुका’त आहे. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, इस्रोची केंद्रे आणि पुढे पवईची आयआयटी हेही त्यात आहेत. भुईगावपासून सरळ रेषेत पवई सुमारे ३० आणि कुलाबा सुमारे ५० किलोमीटर. वसई-विरारमधून रोज लोकलने मुंबईला शिकायला जाणाऱ्या मुलांच्या टप्प्यातले हे अंतर आहे.

सीझेडटीआयचे मुख्य काम समोरच्या ठरावीक उगमांचे क्ष-किरण पाहणे. पण १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या ऊर्जेला त्याच्या बाजूच्या भिंती पारदर्शक होतात. त्यामुळे कडेने, मागून आलेले किरणही संवेदकांपर्यंत पोहोचतात आणि उपकरण जवळजवळ सगळ्या उघड्या आकाशाचा पहारेकरी होते. चालू झाल्याच्या पहिल्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, त्याने एक स्फोट पकडला. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याच्या खात्यावर सहाशेवा स्फोट जमा झाला. या नोंदींतून स्फोट शोधण्याचे बरेचसे काम विद्यार्थी करतात, ही त्यातली विशेष गोष्ट. किरणांचे ध्रुवीकरण मोजण्याचे अवघड कामही या उपकरणाने केले. ते जगात फार थोड्या उपकरणांना जमले आहे.

एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. ४ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या मिलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. त्याच भागात ‘ॲटलास’ सर्वेक्षणाला झपाट्याने विझणारा एक प्रकाशबिंदू सापडला. कृष्णविवरांच्या मिलनातून प्रकाश आला असेल, तर तो मोठाच शोध ठरला असता. पण सीझेडटीआयच्या नोंदींत गुरुत्वीय लहरींनंतर एका दिवसाच्या आत त्या दिशेने आलेला एक गॅमा किरण स्फोट सापडला. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की तो प्रकाशबिंदू या स्वतंत्र स्फोटाची उत्तरदीप्ती आहे. दोन घटना एकाच भागात दिसणे हा निव्वळ योगायोग. चुकीचा निष्कर्ष टळला तो आपल्या उपग्रहाच्या साक्षीमुळे.

उत्तरदीप्ती पाहणारी साधनेही आपल्याकडे आहेत. लडाखमधल्या हान्ले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ‘ग्रोथ-इंडिया’ ही ७० सेंटीमीटर व्यासाची स्वयंचलित दुर्बीण आहे. नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, सगळ्यांत शेवटी विझणारा रेडिओ उजेड पाहते. म्हणजे दुसरा टप्पा सांभाळायला आपण सज्ज आहोत.

मग अडते कुठे?

पहिल्या टप्प्यावर. त्याचे कारण भूमितीचे आहे. पृथ्वीलगत फिरणाऱ्या उपग्रहाच्या पायाखाली पृथ्वी असते. ६५० किलोमीटरवरून ती आकाशाचा सुमारे ३० टक्के भाग झाकते. एकटा उपग्रह कितीही चांगला असला तरी तेवढे आकाश त्याला दिसतच नाही.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी याची किंमत आपल्याला कळली. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा नोंदल्या गेल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मीने छोटासा गॅमा किरण स्फोट टिपला. युरोपच्या ‘इंटिग्रल’नेही तो पाहिला. तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या त्या घटनेच्या उजेडाचा पुढे कसून अभ्यास झाला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरीत तयार होतात, या मताला त्यातून मोठा आधार मिळाला. या शतकातल्या खगोलशास्त्राची ही मोठी घटना. ॲस्ट्रोसॅट तेव्हा चालू होता, सीझेडटीआय जागे होते. पण त्या क्षणी उपग्रह आणि ती दिशा यांच्या मध्ये पृथ्वी आली होती. पुढे जीएमआरटीने या स्फोटाच्या उत्तरदीप्तीचा मागोवा घेतला, पण पहिल्या क्षणाची नोंद आपल्याकडे नाही.

दुसरी अडचण वेगाची. सीझेडटीआय स्फोट ओळखून तिथल्या तिथे इशारा देत नाही. नोंदी जमिनीवर उतरतात, तपासल्या जातात, मग स्फोट सापडतो. तोवर उजेड बराच विझलेला असतो. तिसरी अडचण वयाची. ॲस्ट्रोसॅटचे अपेक्षित आयुष्य पाच वर्षांचे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला दहा वर्षे झाली. त्याच्या अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी २०१८ मध्येच बंद पडली. परदेशी उपग्रहही म्हातारे झाले आहेत. स्विफ्ट वीस वर्षांहून जुना असून त्याची कक्षा खाली येत चालली आहे. ती वर उचलण्याचे काम नासाने २०२५ मध्ये एका खासगी कंपनीकडे सोपवले. फर्मी २००८ पासून फिरतो आहे.

‘दक्ष’ काय आहे?

या तिन्ही अडचणींवरचे उत्तर आपल्याच शास्त्रज्ञांनी कागदावर मांडून ठेवले आहे. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने टाटा संस्था, आयुका, भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, बंगळूरुची रामन संशोधन संस्था आणि इस्रो यांच्यातल्या शास्त्रज्ञांनी ‘दक्ष’ मोहिमेचा प्रस्ताव तयार केला. त्यावरचे सविस्तर शोधनिबंध २०२२ मध्ये पुढे आले.

कल्पना सोपी आहे. एकसारखे दोन उपग्रह पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना ठेवायचे. एकाला पृथ्वी आड आली तर तो भाग दुसऱ्याला दिसेल. घुमटासारख्या रचनेवर सगळ्या दिशांना तोंड केलेले संवेदक असतील. प्रत्येक उपग्रहावर सीझेडटीआयमध्ये वापरले तसेच, पण ३४० संवेदक. शिवाय त्याहून कमी आणि जास्त ऊर्जेसाठी वेगळे संवेदक. उपग्रहावरचा संगणक स्फोट ओळखून लगेच इशारा पाठवेल. स्विफ्टइतकी संवेदनशीलता, पण त्याच्या कितीतरी पट आकाशावर, असा हा आराखडा आहे. सीझेडटीआय बांधून, चालवून, त्याच्या चुका सुधारून जे शिकता आले, त्यावर तो उभा आहे. प्रयोगशाळेतल्या तयारीच्या पुढे त्याला पूर्ण मोहिमेचे रूप मिळालेले मात्र नाही.

परदेशी उपग्रह असताना आपला कशाला?

वसईत हा प्रश्न आणखी थेट विचारला जाईल. नळाला पुरेसे पाणी नाही, सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या स्फोटांसाठी दोन उपग्रह? प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘विज्ञान महान आहे’ असे मोघम उत्तर देऊन चालणार नाही.

पहिली गोष्ट पैशांची. ॲस्ट्रोसॅटचा खर्च सुमारे १७८ कोटी रुपये सांगितला गेला होता. पाण्याचे किंवा लोकलचे प्रश्न अशा मोहिमेमुळे अडलेले नाहीत आणि ती रद्द केल्याने ते सुटणारही नाहीत. त्यासाठी जाब विचारण्याची ठिकाणे वेगळी आहेत आणि तो विचारायलाच हवा.

दुसरी गोष्ट, आपण या क्षेत्रात मोठा पैसा आधीच घालायचे ठरवले आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाली, हे हिंगोलीत कळेल. पण त्या टकरीतून निघालेला झोत पाहायला अवकाशात कोणी नसेल, तर त्या घटनेची अर्धीच गोष्ट हाती येईल. २०१७ ची घटना गाजली ती लहरी आणि प्रकाश दोन्ही मिळाले म्हणून. २,६०० कोटींच्या गुंतवणुकीचा पूर्ण लाभ घ्यायचा, तर तिच्या जोडीला हा पहारा हवा.

तिसरी गोष्ट, ‘परदेशी माहिती फुकट मिळते’ हा युक्तिवाद. ती मिळते, हे खरे. पण ती मिळत राहील याची हमी कोणाच्याच हातात नाही. ज्यांनी आपले उपग्रह नियमित पाठवले, ते पुढे गेले. चीनने डिसेंबर २०२० मध्ये ‘जीकॅम’ची जोडी सोडली, जानेवारी २०२४ मध्ये ‘आइनस्टाइन प्रोब’ आणि त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्सबरोबर ‘स्वॉम’. आपल्या ‘एक्सपोसॅट’ने १ जानेवारी २०२४ रोजी उड्डाण केले, पण तो निवडक उगमांकडे रोखून पाहणारा उपग्रह आहे, सगळ्या आकाशावर पहारा ठेवणे हे त्याचे काम नाही.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसांची. उपग्रह नवा बांधता येतो, पण संवेदक जुळवणारे तंत्रज्ञ, नोंदींतून स्फोट हुडकणारे विद्यार्थी, रात्री-अपरात्री इशारा आल्यावर हान्लेची दुर्बीण वळवणारे संशोधक ही साखळी एकदा तुटली की पुन्हा जोडायला पिढी जाते. स्रॉस-सी२ आणि ॲस्ट्रोसॅट यांच्यात दोन दशकांहून अधिक अंतर पडले. ती चूक परवडली, कारण तेव्हा आपण नवशिके होतो. आता आपल्याकडे गमावण्यासारखे काही आहे.

पुढे काय व्हावे?

मागणी साधी आहे. ‘दक्ष’ला मंजुरी द्यायची की नाही, याचा निर्णय सरकारने आणि इस्रोने ठरावीक मुदतीत जाहीर करावा. द्यायची असेल तर पहिला उपग्रह ॲस्ट्रोसॅट पूर्ण थांबण्याआधी कक्षेत जाईल असे वेळापत्रक आखावे. द्यायची नसेल तर तसे कारणांसह सांगावे, म्हणजे या कामात उमेद घालवणाऱ्या तरुणांना आपला मार्ग ठरवता येईल. वर्षानुवर्षे प्रस्ताव तसाच टांगून ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे; त्यात नकाराचा दोषही कोणावर येत नाही आणि कामही होत नाही.

आपल्यासारख्या वाचकांनाही यात थोडे करता येण्यासारखे आहे. ॲस्ट्रोसॅटच्या नोंदींचे भांडार २०१८ पासून सर्वांसाठी खुले आहे. ‘जीसीएन’ या जागतिक जाळ्यावर नाव नोंदवले तर नव्या गॅमा किरण स्फोटाची सूचना कुणालाही मोफत मिळते. शास्त्रज्ञ असण्याची अट नाही. वसई-विरारमधल्या एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाने या दोन गोष्टींवर वर्षभराचा प्रकल्प ठेवला तर त्याला संगणक, इंटरनेट आणि एक उत्साही शिक्षक एवढेच लागेल. ‘हे आपल्या मुलांचे काम आहे’ असे गावात वाटू लागले, की प्रतिनिधींना प्रश्न विचारणेही आपोआप सुरू होते.

शाळेत कवायतीला ‘दक्ष’ आणि ‘विश्राम’ असे दोनच हुकूम वारंवार दिले जात. ॲस्ट्रोसॅटला एक दिवस विश्राम मिळणार आहे आणि त्याने तो कमावला आहे. प्रश्न एवढाच, की त्याआधी दुसऱ्याला ‘दक्ष’ म्हणणार का. पुढचा मोठा स्फोट कोणत्या संध्याकाळी येईल हे कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित पुन्हा भुईगावच्याच डोक्यावरून येईल. त्याचा प्रकाश केव्हाच निघालेला आहे.